काट्याखालचं पेट्रोल

दुकानात गाडीची टाकी आली की आप्पा आधी तिला पाणी पाजत. तोंडोतोंड भरायची, ओतून द्यायची, पुन्हा भरायची. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, असं त्यांचं म्हणणं. आत पेट्रोलची नुसती वाफ उरलेली असते आणि सांध्याला कथलाचा डाख लावताना तिला ज्योत लागली की संपलंच. "टाकी जायची तर जाईल, माझं छप्पर कशाला सोबत नेईल?" शेजारचा टायरवाला रोज एकच विनोद करी. "आप्पा, टाक्या करता की म्हशी धुता?" आप्पांचंही उत्तर ठरलेलं असे. "म्हशी दूध तरी देतात. तू काय देतोस?"

माणूस नेक, पण तिरसट. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. पत्रा मात्र त्यांच्या हातात लोण्यासारखा वळे. कातर, लाकडी मोगरी, कडा दुमडायचा लोखंडी रूळ आणि साबणाचं पाणी भरलेला एक कानतुटका मग, एवढ्यावर त्यांनी संसार केला. टाकी तयार झाली की तिच्यात हवा भरायची आणि सांध्यावरून साबणाचा हात फिरवायचा. कुठे बुडबुडा दिसला की टाकी परत ठोकायला. देवाच्या घरी हिशेब द्यायचाय, तिथे गळकी टाकी चालत नाही, असं म्हणायचे.

त्यांची आणखी एक सवय होती. टाकीच्या आत तारेच्या टोकाला एक पोकळ गोळा तरंगत असतो. पेट्रोल उतरलं की गोळा उतरतो आणि त्याच्याबरोबर समोरचा काटा. ह्या तारेला आप्पा बोटानं जरासा बाक देत. मग काटा शून्यावर टेकला तरी टाकीच्या तळाला पाचेक लिटर उरलेलंच असे. गिऱ्हाइकाला ते हे सांगत नसत. सांगितलं तर तो तेही जाळून मोकळा होईल आणि मग बाक देऊन उपयोग काय?

ही सवय लागली ती काकूंमुळे. काकू म्हणजे आप्पांची बायको. सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणे. लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात उसन्या गाडीतून काकूंना माहेराहून आणताना वाटेत पेट्रोल संपलं. मांडीवर तान्हं मूल, रस्त्याला झाड नाही. काकू पदराची सावली धरून धोंड्यावर बसल्या आणि कुरकुर तर सोडाच, उलट हसल्या. "अहो, माझ्या आईनं मला एक शिकवलंय. डब्याचा तळ दिसू द्यायचा नाही. मूठभर पीठ, मूठभर साखर कायम खाली ठेवायची. अडीनडीला देव त्या मुठीतून देतो. तुमच्या त्या काट्याला शिकवा की एवढं."

आप्पांनी शिकवलं. तेव्हापासून त्यांच्या हातची एकही टाकी वाटेत कोरडी पडली नाही. नातेवाइकांत म्हणच झाली होती, आप्पांचा काटा मेला तरी गाडी जिवंत.

त्या मांडीवरच्या मुलाला सगळे ठोक्या म्हणत. रांगत्या वयात मोगरी हाती लागली आणि घरात ठोकायचं काही शिल्लक ठेवलं नाही, म्हणून ठोक्या. मोठा झाला, बापाचा धंदा शिकला, हातही बापाचाच घेतला. पण एके दिवशी दुकानात भरल्या गिऱ्हाइकांत बोलून गेला, "साहेब, त्या काट्यावर जाऊ नका. आमच्या आप्पांचा काटा खोटं बोलतो."

गिऱ्हाईक हसलं. टायरवाला हसला. आप्पा नाही हसले.

"मला खोटारडा म्हणालास?"

"तुम्हाला कुठे? काट्याला म्हणालो."

"काटा कुणी केला?"

झालं. ठोक्यानं महिन्याभरात गाड्यांच्या विम्याच्या कचेरीत नोकरी धरली आणि बापलेकांचं बोलणं बंद पडलं. म्हणजे बोलत होते, पण काकूंमार्फत. एकाच टेबलाशी, कोपराला कोपर लागेल असे बसून.

"त्याला सांग, मीठ इकडे दे म्हणावं."

"आई, त्यांना सांग, मीठ त्यांच्याच पुढ्यात आहे."

"सांगते हो," काकू म्हणत. "आधी डाव्या कानानं ऐकते, मग उजव्या कानानं सांगते. मेल्यांनो, मला पगार तरी द्या!" आणि मिठाची वाटी उचलून दोघांच्या बरोबर मध्ये ठेवत. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसले दोघं. पण घर चाललं होतं. इकडचा शब्द तिकडे जाताना काकू त्याचे काटेकोपरे काढून टाकत. 'गाढवाला सांग उशिरा येऊ नकोस' असं निघालेलं वाक्य तिकडे पोचताना 'वाट बघतायत रे तुझी' असं होऊन जाई. दोघांनाही हे ठाऊक होतं, आणि दोघांनाही ते तसंच हवं होतं.

मग ठोक्यानं ती गाडी घेतली. जुन्या काळची दोन माणसांची स्पोर्ट्‌स कार, शेवाळी रंगाची. इतकी बुटकी, की आत बसायचं म्हणजे जमिनीवर मांडी घालायची. कुणाच्या तरी कोठारात वर्षानुवर्षं पडून होती. काकूंनी अंगणात तिच्याभोवती एक चक्कर मारली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाल्या, "ही गाडी आहे होय? मला वाटलं चप्पल." तेव्हापासून तिचं नाव चप्पलच पडलं.

चपलेचं इंजिन ठोक्यानं उघडून, पुसून, लावून चालू केलं. पण गाडी दोन गल्ल्या गेली की आचके देऊन थांबे. टाकी आतून गंजली होती. गंजाचे पापुद्रे नळीत येऊन अडकत. पुन्हा पुन्हा गाळणी साफ करून तो थकला. शेवटी परदेशातून ॲल्युमिनियमची तयार टाकी मागवायची म्हणून टेबलाशी फोनवर चित्रं बघत बसला.

काकूंनी ते पाहिलं. "बाप टाक्या करतो आणि लेक टाकी बाहेरून आणतो. न्हाव्याच्या पोरानं केस वाढवून हिंडावं तसं झालं हे. लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"आई, ही जुनी, मोलाची गाडी आहे. तिचं सगळं मुळाबरहुकूम हवं. काटासुद्धा. खरा."

आप्पा शेजारीच जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याला सांग, जुनी टाकी काढून दुकानात टाक म्हणावं."

दुसऱ्या दिवशी आप्पा यायच्या आधीच टाकी दुकानाच्या पायरीवर होती.

टाकी अवघड होती. सीटांच्या मागे, सामानाच्या जागेखाली बसायची, म्हणून एका बाजूनं फुगलेली आणि दुसरीकडून कुणीतरी चिमटा काढल्यासारखी. आप्पांनी सवयीनं तिला पाणी पाजलं, मग उभी कापून उघडली. आत पेट्रोल हिंदकळू नये म्हणून ज्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांची चाळण झाली होती. एकेक तुकडा त्यांनी कागदावर ठेवून गिरवला आणि नव्या पत्र्यावर उतरवला. दुकानातली बाकीची कामं मागे सारली. टायरवाला म्हणाला, "आप्पा, टाकी करताय की लेकीचा दागिना?" जिभेचं टोक ओठांत धरून आप्पा कडा दुमडत होते.

सांधे झाले. साबणाचा हात फिरला, एक बुडबुडा उठला नाही. राहिली होती ती काट्याची तार. आप्पांनी ती हातात घेतली, सवयीनं अंगठा टेकवला आणि तसेच थांबले. लेकाला खरा काटा हवा होता. भर दुकानात ऐकून घेतलेला तो शब्द आठवला. पण राग येईना. मोगरी कानाशी धरून झोपणारं पोर डोळ्यांपुढे आलं. आप्पांनी तार पट्टीला लावून सरळ आहे ना ते पाहिलं आणि तशीच बसवली. त्यांच्या हातचा हा पहिला खरा काटा. तोंडानं मागता आली नसती अशी माफी त्यांनी त्या सरळ तारेत घातली होती.

संध्याकाळी टाकी खांद्यावर घेऊन ते घरी आले आणि स्वयंपाकघरात वर्तमानपत्रावर ठेवली. काकू कणीक मळत होत्या.

"अगं, त्याला सांग, तार ह्या वेळी सरळ ठेवलीय. काटा शून्यावर आला की टाकीत शून्य. खाली काही नाही. आठवणीनं सांग."

काकूंचे हात थांबले. त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की आप्पांना नजर टाकीकडे वळवावी लागली.

"एवढं चांगलं केलंत, तर तुम्हीच सांगा की. तोंडात काय डाख भरलाय?"

"तू सांग."

"मी मेल्यावर कोण सांगेल?"

"मेल्यावरचं मेल्यावर. आत्ता सांग."

"सांगते बाई. जेवताना सांगते."

पण ठोक्या जेवायला आलाच नाही. टाकी पाहिली, तिच्यावरून हात फिरवला, एका सांध्यापाशी बोट बराच वेळ ठेवलं आणि उचलून थेट अंगणात नेली. उभ्यानंच काहीतरी तोंडात टाकून बसवत राहिला. काकू दारात जाऊन आल्या. तो गाडीखाली होता, शीळ घालत होता. कितीतरी दिवसांनी घरात शीळ ऐकू येत होती. ती मोडायचं त्यांच्या जिवावर आलं. सकाळी सांगू म्हणाल्या आणि पाठीला ओढ लागतेय म्हणून आडव्या झाल्या.

सकाळी चप्पल निघूनही गेली होती. जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांचा दूरच्या गावी मेळा होता. जाताना ठोक्या झोपलेल्या आईच्या पायांवरचं पांघरूण सारखं करून गेला. काकूंनी कपाळावर हात मारला. "अगबाई, काट्याचं राहिलंच! फोन करा हो त्याला."

आप्पांनी फोन हातात घेतला. ठोक्याचं नाव काढलं. काय बोलावं? 'मी बोलतोय' म्हणावं की नुसतं 'तार सरळ आहे' म्हणावं? त्यांनी फोन ठेवून दिला. "टाकी भरून गेलाय. आला की सांग."

"तुमचा आपला ताठा," काकू म्हणाल्या आणि डाळ निवडायला बसल्या.

दुपारी आप्पा दुकानात असताना टायरवाल्याची बायको धावत आली. काकू स्वयंपाकघरात पडल्या होत्या. डाळ सगळीकडे पांगली होती. दवाखान्यात नेलं तेव्हा श्वास होता, शुद्धही होती. डॉक्टरीणबाई आप्पांना बाहेर घेऊन गेल्या. हृदय फार थकलंय, म्हणाल्या. कुणाला बोलवायचं असेल तर आत्ताच बोलवा.

आप्पांनी लेकाला फोन लावला. तिकडून "हॅलो, आप्पा?" आलं.

"आई दवाखान्यात आहे. ये."

एवढंच. बाकी सगळं विसरायला झालं.

दवाखान्याच्या त्या खोलीत एक खिडकी होती आणि खिडकीखाली गाड्या लावायची जागा. काकू तिकडे मान करून पडल्या होत्या. "चपलेचा आवाज मला कळतो," म्हणाल्या. "खोकल्यासारखा आहे." काकूंच्या बहिणीला फोन गेला होता, त्याही आल्या. पण काकूंचे कान खिडकीकडेच होते. कुठली गाडी आली की विचारत, "आला का?"

"येतोय. निघालाय."

थोड्या वेळानं काकूंनी आप्पांचं मनगट धरलं. बोटं गार होती.

"काट्याचं सांगितलंत का हो त्याला?"

आप्पांना आता आठवलं. ते उठले, व्हरांड्यात गेले आणि फोन लावला. रिंग वाजत राहिली. वरून उघडी गाडी, वाऱ्याचा आवाज, फोन मागे पिशवीत. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा लावला. मग भिंतीला टेकून देवाला म्हणाले, आजच्या दिवस माझी जुनी खोड तुझ्या हातानं कर. तार जरा वाकव. पण देव माणसानं सरळ केलेल्या तारा वाकवत बसत नाही.

आत आल्यावर काकूंनी डोळ्यांनीच विचारलं. आप्पा म्हणाले, "हो. सांगितलं."

"तुम्ही स्वतः?"

"मी स्वतः."

काकू हसल्या. त्या धोंड्यावर बसून हसल्या होत्या तशाच. "बरं झालं," म्हणाल्या. "आता मला सुट्टी."

उन्हं उतरायच्या सुमारास त्यांनी एकदा आणखी विचारलं, "आला का?" खाली खरोखरच कुठलीशी गाडी आली होती. आप्पा खिडकीशी गेले. ती चप्पल नव्हती. वळून सांगायला आले, तर सांगायला कुणी नव्हतं.

ठोक्या आला तेव्हा चादर वरपर्यंत ओढलेली होती. हाताला पेट्रोलचा वास, बुटांवर धूळ, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. तो दारातच उभा राहिला. मावशी त्याच्या गळ्यात पडल्या. "कुठे अडकलास रे? शेवटपर्यंत तुझंच चाललं होतं तिचं."

"पेट्रोल संपलं," ठोक्या म्हणाला. "मध्येच. डबा घेऊन चालत गेलो पंपापर्यंत. परत चालत आलो."

"पेट्रोल संपलं? अरे, तुझ्या बापाच्या टाकीत कधी संपतं का?"

मावशी सहज बोलून गेल्या. त्यांना काय माहीत? पलंगाच्या पलीकडे आप्पा उभे होते. ठोक्यानं बापाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दोघांपैकी एकानं तरी तेव्हा बोलायला हवं होतं. पण त्यांच्यामध्ये जी बसायची, ती मध्येच होती, चादरीखाली.

पुढचे दिवस माणसांत गेले. मग माणसं आपापल्या घरी गेली आणि घर त्या दोघांवर सोडलं. टेबलावर मिठाची वाटी मध्ये राहिली. कुणी मीठ मागेना. कमी असेल तर तसंच गिळत. आप्पा दुकान उघडत, टाकीत पाणी भरत आणि भरल्यावर ओतायचं विसरत. टायरवाल्यानं विनोद सोडून दिला. दोन-तीनदा स्वतःच येऊन टाक्या ओतून गेला.

एका रविवारी आप्पांनी अंगणात चपलेचं मागचं झाकण उघडलं. पेट्रोलचा तो डबा अजून तिथेच होता. त्यांनी टाकीवरची गोल चकती सोडवली आणि तार बाहेर काढली. गोळा टोकाशी हलत होता. सरळ, स्वच्छ, पट्टीला लावून केलेली तार. त्यांनी अंगठा टेकवला आणि सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून म्हणाले,

"अगं, त्याला सांग, त्या दिवशी तार मी सरळ..."

आणि थांबले. आतून उत्तर यायचं नव्हतं. आत भांडं वाजल्याचा आवाज झाला आणि दारात ठोक्या आला. हातात साखरेचा डबा होता. चहा करत असावा.

"कुणाला सांगू?" तो म्हणाला. मग आवाज खाली आला. "मलाच सांगा, आप्पा."

आप्पांनी सांगितलं. डोळे गोळ्यावर ठेवून सांगितलं. तार सरळ ठेवली होती. तुला खरा काटा हवा होता म्हणून. तिला सांग म्हणालो होतो. ती विसरली नाही, तू शीळ घालत होतास म्हणून थांबली. सकाळी मी फोन हातात घेतला आणि ठेवला. दुपारी तुझ्याशी बोललो तेव्हा आठवलंच नाही. तिनंच आठवण करून दिली.

ठोक्या पायरीवर बसला.

"पंप लागला होता, आप्पा," तो म्हणाला. "उघडा होता. रांगसुद्धा नव्हती. काटा शून्यावर बघितला आणि म्हटलं, आप्पांचा काटा आहे. दवाखान्यापर्यंत पुरेल. थांबण्यात वेळ नको. जगाला सांगत सुटलो होतो खोटा खोटा म्हणून, आणि त्या दिवशी त्याच्यावरच जीव टाकला." त्यानं साखरेचा डबा मांडीवर घेतला. "मला वाटलं, तुम्हाला कळलं तर तुम्ही म्हणाल, खोटा म्हणालास ना, मग भरलं का नाहीस?"

"मी कशाला म्हणेन?"

"तिला काय सांगितलंत? ती विचारत होती तेव्हा?"

"म्हटलं, सांगितलं तुला. मी स्वतः." आप्पांनी हलता गोळा बोटानं थांबवला. "आयुष्यात तिच्याशी एवढंच खोटं बोललो."

ठोक्यानं तोंड फिरवलं. अंगणातली चप्पल मागचं झाकण वासून उभी होती. तिच्यात आईला एकदा बसवायचं राहून गेलं होतं. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली होती, "मला बसवशील, पण उठवायला क्रेन आण."

"तार वाकवू का रे?" आप्पांनी विचारलं.

"वाकवा."

आप्पांनी अंगठ्यानं बाक दिला. नेहमीएवढाच. तार पुन्हा टाकीत सोडली आणि चकती घट्ट केली. आता काटा शून्यावर टेकला तरी खाली पाचेक लिटर राहणार होतं. घाईनं ज्या घरी पोचायचं, त्या घरापर्यंत पुरेल एवढं.

"साखर कुठे ठेवते ती?" ठोक्यानं विचारलं. "डब्यात संपली."

आप्पांनी डबा हातात घेऊन आत पाहिलं. पत्र्याचा तळ लख्ख दिसत होता. इतक्या वर्षांच्या संसारात तो त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.